भट्टीमागचा काटा

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. पंचावन्न वर्षांत कुणाला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलले नाही. नवरा होता तेव्हा त्याच्याशी नाही, आणि तो गेल्यावर धाकट्या भावाकडे राहायला आले तेव्हा भावाशीही नाही. अशी मी, आणि या वर्षी सलग सहा दिवस मी माझ्या भावजयीला रोज सकाळी फसवलं. तेही वजनकाट्याने.

आमची बेकरी आहे. पुढे दुकान, मागे भट्टीची खोली, वर राहायच्या तीन खोल्या. भाऊ भट्टी सांभाळतो, भावजय केकवर फुलंपानं काढते, आणि मी मोजते. मैदा, साखर, मीठ, यीस्ट, सगळं माझ्या हातून वजन होऊन जातं. सोळा वर्षं झाली. भट्टीमागे भिंतीला लागून जमिनीवरचा मोठा काटा आहे, अख्खं पोतं उभं राहील एवढा. दीडशे किलोपर्यंत तोलतो आणि वीस ग्रॅमचा फरकसुद्धा दाखवतो. तो बंद पडला तर त्या दिवशी ब्रेड नाही, एवढं साधं आहे.

भावजय एकशे अठरा किलोची होती. खाली काम आणि वर घर, मधे सतरा पायऱ्या. ती नवव्या पायरीवर बसायची आणि म्हणायची, ‘जरा हवा खाते.’ त्या बंद जिन्यात कसली आलीय हवा! पण मी तिथे मात्र बोलायची नाही, बाजूने अंग चोरून वर जायची. मग गुडघे गेले, रक्तातली साखर वाढली, झोपेत श्वास अडकायला लागला. भाऊ रात्रभर तिच्या घोरण्याकडे कान लावून जागा राहायचा आणि सकाळी भट्टीपाशी डुलक्या काढायचा. पथ्यं झाली, चालणं झालं, कडू काढे झाले. वजन चार किलो उतरायचं आणि सहा किलो चढायचं. शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशन करून तिचं पोट लहान केलं.

आता तिच्या पोटात एका वेळी चहाच्या कपाएवढं मावतं. दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी आम्हा तिघांना समोर बसवून नियम सांगितले. आधी प्रथिनं, म्हणजे अंडं, दही, चिकन. बाकीचं जागा उरली तर. प्रत्येक घास नीट चावायचा. पाणी दिवसभर घोट घोट, पण जेवणाबरोबर नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि शेवटी त्या म्हणाल्या, “घरातला वजनकाटा देऊन टाका कुणाला तरी. आठवड्यातून एकदा वजन केलं तरी पुष्कळ झालं. मधेच वजन आठवडेच्या आठवडे थांबतं. सगळ्यांचंच थांबतं. तेव्हा घाबरून जेवण तोडायचं नाही.”

आम्ही शहाण्यासारखं न्हाणीघरातला काटा शेजारणीला देऊन आलो. काखेत कळसा म्हणतात ना, तसं झालं. खाली भट्टीमागे दीडशे किलोचा काटा बसलाय हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि आलं असतं तरी काय करणार होतो? तो शेजारणीला देता येत नाही.

सुरुवातीला सगळं छान चाललं. भावजय रोज सकाळी त्या खालच्याच काट्यावर चढायला लागली आणि आकडा भराभर उतरत होता. शंभरच्या खाली आली त्या दिवशी ती सतरा पायऱ्या न थांबता चढली आणि वरून मला हाक मारली, “ताई, बघा!” मी म्हटलं, “बघतेय, आता खाली ये, केक वाट बघतोय.” पण माझे डोळे भरून आले होते, म्हणून आवाज जरा जास्तच चढला.

मग शहाऐंशीवर काटा थांबला. साडेशहाऐंशी, शहाऐंशी सहाशे, पुन्हा साडेशहाऐंशी. आठवडा गेला, दोन गेले. भावजय आधी रोज सकाळी एकदा चढायची, आता दिवसातून पाच वेळा चढायला लागली. पाणी प्यायच्या आधी, पाणी प्यायल्यावर. ॲप्रन काढून, कानातलं काढून, केसांच्या पिना काढून. पिनांचं वजन किती गं बाई? मैद्याच्या पोत्यांमागे भिंतीवर पेन्सिलीने ती आकडे लिहायची. मी पोतं सरकवलं तेव्हा ते मला दिसले. एकाखाली एक, जवळजवळ सारखेच साठ-सत्तर आकडे.

आकडा शंभर ग्रॅमने वर गेला की तो दिवस वाया. ती कुणाशी बोलायची नाही, केकवरची गुलाबं चिरडल्यासारखी यायची आणि दुपारचं अंडं ताटलीत तसंच राहायचं. विचारलं तर ‘नंतर खाते’. ते नंतर कधी यायचं नाही. कंगव्यात केसांचे पुंजके निघायला लागले. खुर्चीवरून उठताना ती टेबल धरायची. भाऊ समजावून थकला. मीही एकदा प्रेमाने सांगायला गेले, “अगं, दुखणं हत्तीच्या पायांनी येतं आणि मुंगीच्या पायांनी जातं.” तिने त्यातला हत्तीच तेवढा ऐकला आणि तासभर रडत बसली. भाऊ मला म्हणाला, “ताई, तू प्रेमाने बोलत जाऊ नकोस.”

आकडा थांबल्यापासून एकोणिसाव्या दिवशी ती गोष्ट घडली, आणि पहिल्या दिवशी ती खरोखरच चुकून घडली.

मैदा मोजायची आमची पद्धत अशी. आधी रिकामा स्टीलचा टब काट्यावर ठेवायचा, शून्याचं बटण दाबायचं, म्हणजे काटा टबाचं वजन विसरतो. मग मैदा ओतायचा. काम झालं की टब उचलायचा आणि बटण पुन्हा दाबायचं. त्या सकाळी मी टब ठेवला, बटण दाबलं, तेवढ्यात अंडीवाला आला. मी टब उचलून बाजूला ठेवला आणि त्याच्याशी भांडायला पुढे गेले, कारण तो नेहमी चार अंडी फुटकी देतो. बटण तसंच राहिलं. थोड्या वेळाने काट्याच्या आकड्यांचा दिवा आपोआप विझला, म्हणून उणे आकडा कुणाला दिसला नाही. टब तीन किलो दोनशेचा आहे, म्हणजे आता जो कुणी काट्यावर चढेल तो तेवढ्याने हलका.

मागून किंकाळी आली. माझ्या हातातली ट्रेभर अंडी पडता पडता वाचली.

“त्र्याऐंशी चारशे! ताई! अहो, इकडे या! त्र्याऐंशी चारशे!”

भाऊ भट्टी सोडून धावत आला. ती त्याच्या मैद्याने माखलेल्या अंगाला बिलगली आणि रडायला लागली. “सुटला रे बाबा एकदाचा, सुटला!” असं दहा वेळा म्हणाली. मी मागे उभी. कोपऱ्यात ठेवलेला टब पाहिला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आता बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, ‘अगं थांब, टबाचं राहिलं.’ पण त्या दोघांची तोंडं पाहून माझी जीभ उचलेना. आयुष्यात पहिल्यांदा मी मूग गिळून गप्प बसले, आणि ती दोघं कामाला लागल्यावर बटण दाबून काटा नीट केला.

आणि तिने खाल्लं हो! दुपारी अख्खं अंडं खाल्लं, चार वाजता वाटीभर दही खाल्लं, संध्याकाळी थोडं चिकन. दिवसभर पाण्याचे घोट घेतले. केकवर अशी गुलाबं काढली की गिऱ्हाइकाने फोटो काढून नेला. रात्रीच्या जेवणाला ती भावाला चिडवत होती आणि तो लाजत होता. मी ताटावर मान खाली घालून बसले आणि ठरवलं, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पावलं जिन्यावर वाजली. माझ्या मनात आलं, आता ही चढणार, शहाऐंशी सहाशे बघणार, एका रात्रीत तीन किलो वाढले म्हणणार आणि जेवण पुरतं सोडणार. माझ्या हातांनी टब उचलला, काट्यावर ठेवला, बटण दाबलं आणि टब खाली घेतला. मी काहीही ठरवलं नव्हतं. ती चढून गेल्यावर मी बटण पुन्हा दाबून काटा नीट केला आणि मगच मैदा मोजला.

असं सहा दिवस चाललं. त्या सहा दिवसांत ती सकाळी एकदाच काट्यावर चढायची आणि गाणं गुणगुणत कामाला लागायची. रोज जेवायची. मी मनाला सांगत होते, कुणाचं काय बिघडलं? पण चोराच्या मनात चांदणं. अंडीवाल्याने ‘काय ताई, गप्प गप्प?’ विचारलं तरी मी दचकायची.

सहाव्या दिवशी टब ठेवून, बटण दाबून झालं आणि दुकानात गिऱ्हाइकांची रांग लागली. भावजय काट्यावर चढून गेली ते मी पुढून ऐकलं, पण मला मागे जाता आलं नाही. भावाला एका शाळेची ब्रेडची वाढीव ऑर्डर होती. त्याने स्वतःच मैदा मोजला. तो टब घेत नाही, त्याला तेवढा धीर नाही. कागदी गोणी काट्यावर उभी करतो, ओतत सुटतो आणि आकडा पंचवीसवर आला की हात थांबवतो. पहिला आकडा काय होता ते कशाला बघेल? पंचवीस म्हणून त्याने सव्वाअठ्ठावीस किलो मैदा घेतला आणि पाणी नेहमीचंच घातलं.

मिक्सर कण्हायला लागला. आतला गोळा असा घट्ट झाला की भावाने बोट खुपसलं तर ते आत जाईना. आधी त्याने यीस्टला शिव्या दिल्या, मग मैदावाल्याला, मग मिक्सरला. शेवटी कपाटातलं पाच किलोचं लोखंडी वजन आणून त्याने काट्यावर ठेवलं. आकडा आला एक किलो आठशे.

“काटाच बिघडलाय,” भाऊ म्हणाला. “तीन किलो दोनशे कमी दाखवतोय. दुरुस्तीवाल्याला फोन करतो.”

भावजय टेबलाशी केकवर क्रीम लावत होती. तिचा हात थांबला. मोजायला तिला वेळ लागला नाही, आकड्यांशिवाय महिनाभर दुसरं केलं काय होतं तिने?

मी तेव्हा गप्प राहू शकले असते. काट्यावर खापर फोडून मोकळी झाले असते, दुरुस्तीवाला आला असता, बटण दाबून गेला असता. पण ती क्रीमची पिशवी हातात धरून काट्याकडे बघत होती. मला राहवलं नाही.

“काटा चांगला आहे,” मी म्हटलं. “मी केलं ते.” आणि अंडीवाल्यापासून सगळं सांगितलं.

भावजय उठली, शून्याचं बटण स्वतः दाबलं आणि काट्यावर चढली. शहाऐंशी आठशे. ती उतरली, ॲप्रन खुंटीला अडकवला आणि वर निघून गेली. भाऊ मला एवढंच म्हणाला, “तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, ताई.” शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी तिने काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दार लोटून पडून होती, पाण्याचे चार घोट घेत होती, भावाने पुढे केलेला चमचा बाजूला सारत होती. त्याने आहारवाल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “असं चालणार नाही. उद्या सकाळी आधी तिला इकडे घेऊन या.”

ती सकाळ उजाडली. भाऊ गाडी बघायला बाहेर गेला होता. मी भट्टीमागे होते. भावजय भिंत धरून जिना उतरली, माझ्याकडे न बघता काट्यावर चढली आणि वळून हसली. दोन दिवसांत तिचे गाल आत गेले होते.

“पंच्याऐंशी नऊशे,” ती म्हणाली. “बघा, उतरलं. आणि हे खरं आहे.”

मग मात्र माझा बांध फुटला.

“खरं? मेलीस तर आणखी उतरेल, तेही खरंच असेल! दोन दिवस पोटात घास नाही, पाय लटपटतायत, आणि आकडा दाखवतेस मला? अगं, ते सहा दिवस आठव. गाणी म्हणत होतीस, नवऱ्याला चिडवत होतीस, जेवत होतीस. तेव्हा किती किलोची होतीस? शहाऐंशीचीच होतीस ना? मग तीच बाई आज अशी का झालीय?”

“तुम्हाला काय कळणार!” तीही ओरडली. एवढ्या मोठ्याने ती कधी बोलली नव्हती. “आयुष्यभर मी वजन उतरवलंय आणि आयुष्यभर ते परत चढलंय. काटा थांबला की मला कळतं, आता हा वर निघणार. दर वेळी निघालाय. आधी निदान वाटायचं, अजून काहीतरी उपाय असेल. आता पोट कापून झालं, ताई. कापायला काही उरलं नाही. हेही फसलं तर मी कुठे जाऊ? त्या जिन्यात जाऊन बसू परत?”

मी आपलं म्हटलं, “चुकलं माझं. फसवायला नको होतं मी.” हे शब्द माझ्या तोंडाला सवयीचे नाहीत, जेमतेम बाहेर आले.

ती काट्यावरून उतरली आणि बाजूला झाली.

“आता तुम्ही चढा,” ती म्हणाली.

“मी? मी कशाला?”

“सोळा वर्षं या काट्यापाशी काम करताय. एकदा तरी चढलात?”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! मी आयुष्यात त्या काट्यावर पाऊल ठेवलं नाही. दवाखान्यात नर्सने काट्याकडे बोट केलं की मी म्हणते, ‘कालच घरी केलंय,’ आणि मनाला येईल तो आकडा सांगते. ही थाप मी आजवर खोट्यात धरत नव्हते. नवरा गेल्यापासून माझा घेर किती वाढलाय हे मला कपड्यांवरून कळतं, आणि त्याहून जास्त मला कळून घ्यायचं नाही. ती पाच वेळा चढत होती आणि मी एकदाही चढत नव्हते. घाबरत दोघी सारख्याच होतो. मीच तेवढी फटकळपणाच्या आडोशाला बसले होते.

“चढा ना,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता आता.

मी चपला काढल्या. एक पाय ठेवला आणि दुसरा उचलेना. घाम फुटला, भट्टीच्या खोलीत फुटतो तसा नव्हे, गार. पण म्हटलं, हिला सहा दिवस फसवलंय, एवढं तर करायलाच हवं. दुसरा पाय ठेवला. पायाखाली काटा किंचित खचला आणि मी डोळे गच्च मिटले. मला रडू कोसळलं. काय झालं मला सांगता येणार नाही, पण लहान मुलीसारखी हुंदके देत उभी राहिले.

तिचा हात माझ्या कोपराला लागला. मी डोळे उघडले. आकडा तिच्या उजव्या हाताला होता, जरा मान वळवली असती तर दिसला असता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“किती?” मी विचारलं.

“मी नाही बघितलं.”

“खोटं बोलू नकोस.”

“खोटं तुम्ही बोलता. मी नाही.” तिने मला हाताला धरून खाली उतरवलं. दोघी तिथेच मैद्याच्या पोत्यांवर बसलो, कारण तिलाही उभं राहवत नव्हतं. काट्याचा दिवा विझला. ती माझा हात धरून बसली आणि मग अगदी हळू, कुणी ऐकेल की काय अशा आवाजात म्हणाली, “ताई, मला भूक लागलीये.”

सोळा वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. जाड बाईला भूक लागली म्हणायची चोरी असते, लोक लगेच तिच्या अंगाकडे बघतात. मी तिच्या अंगाकडे बघितलं नाही. “आले,” म्हटलं, आणि अनवाणीच गॅसकडे पळाले.